दोन्ही हातांनी दिलेली मिठाई

भाईंदरच्या जेसल पार्कमधल्या आमच्या इमारतीत माझ्या खालच्या मजल्यावर एक गुजराती बाई राहते. माझ्या कुंड्यांचं पाणी तिच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडलं की ती खिडकीतून मान बाहेर काढून ओरडते, "ओ भाभी, आपका बगीचा मेरी साडी पे आ रहा है!" मी वरून ओरडते, "दो मिनट अंदर ले लो ना!" मग ती काहीतरी पुटपुटते, मीही पुटपुटते. संध्याकाळी तिच्याकडून ढोकळ्याची ताटली आली तर प्रकरण मिटलं. नाही आली तर अजून राग आहे, एवढं मला कळतं. जपानला जाईपर्यंत शेजार म्हणजे हेच, असं मी धरून चालले होते.

जपानला गेले ते मुलीच्या बाळंतपणासाठी. मुलगी आणि जावई दोघंही तिथे कॉम्प्युटरच्या कंपन्यांत नोकरीला. मी काशीमीऱ्याला एका गोदामात मालाची आवक-जावक बघते. ट्रकवाल्यांशी दिवसभर बोलायचं म्हणजे आवाज लागतो, तो माझ्याकडे आहे. मालकाकडून बिनपगारी रजा घेतली आणि तीन महिन्यांच्या व्हिसावर निघाले. आत्ता बाळंतपण उरकायचं, आणि मुलगी नोकरीवर परत रुजू होईल तेव्हा पुन्हा जायचं, असं ठरलं होतं. दुसऱ्या खेपेला गोदामाची नोकरी सोडावी लागणार होती. तीही सोडायची असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

आमच्या दोघींबद्दल थोडं सांगायला हवं. नवरा गेला तेव्हा मुलगी शाळेत होती. घरात दोघीच. मी तिला तेव्हा एकच नियम घालून दिला: जे असेल ते तोंडावर सांगायचं. मनात ठेवून फुगून बसायला आपल्याकडे जागा नाही, वेळही नाही. तिनं तो नियम माझ्यावरच आधी चालवला. पालकसभेहून घरी येताना रस्त्यात थांबून म्हणाली, "आई, तू बोलतेस तेव्हा सगळे वळून बघतात. पुढच्या वेळी हळू बोल. मला लाज वाटते." बारा वर्षांची होती. मला लागलं, पण पुढच्या सभेला मी हळू बोलले. भांडायचीही सणसणीत. ताट सरकवून उठायची, दार आपटायची आणि तासाभरानं येऊन मांडीवर डोकं टाकायची. आमचं त्यावर बरं चाललं होतं.

टोकियोच्या कडेला त्यांचं गाव. मुंबईला जसं भाईंदर, तसंच ते टोकियोला. लोक सकाळी शहरात जातात आणि रात्री झोपायला येतात. फक्त आवाज नाही. पहिल्या आठवड्यात मला वाटलं माझ्या कानांत दडे बसलेत. रस्त्यावर गाड्या आहेत, हॉर्न नाही. लिफ्टमध्ये माणसं आहेत, बोलणं नाही. संध्याकाळी पाच वाजता खांबावरच्या भोंग्यातून एक सूर वाजतो, मुलांनी आता घरी जावं म्हणून, आणि मुलं खरंच घरी जातात. पिवळ्या टोप्या घातलेली पहिली-दुसरीतली पोरं एकटी शाळेत जाताना बघून मी जावयांना विचारलं, "ह्यांच्या आया कुठायत?" ते म्हणाले, "घरी. पोरांना रस्ता माहितीय." रस्ता खणून ठेवलेला असला की तिथे टोपी घातलेला एक माणूस उभा असतो आणि जाणाऱ्या प्रत्येकाला वाकून नमस्कार करतो. आपल्याकडे रस्ता खणला की खणणाराच महिनाभर दिसत नाही.

मला हे सगळं आवडलं, हे मी लपवणार नाही. मी कामाची बाई आहे, शिस्त मला आवडते. दुकानातली मुलगी सुटे पैसे छोट्या तबकात ठेवून दोन्ही हातांनी पुढे करायची. लोकांच्या कुंपणाबाहेर पिकलेली फळं लोंबायची, कुणी हात लावायचा नाही. कचऱ्याचं तर मी शास्त्र शिकले. जळणारा एका दिवशी, प्लास्टिक दुसऱ्या दिवशी, बाटल्या धुऊन, त्यांचं वरचं प्लास्टिक सोलून, झाकणं वेगळी. पिशव्या पारदर्शक, म्हणजे तुमच्या घरात काय खाल्लं ते सगळ्या गल्लीला दिसतं. वर कावळ्यांसाठी जाळी. मुलीला बाळामुळे जमत नव्हतं, म्हणून कचरा माझ्याकडे आला.

खालच्या मजल्यावरची बाई मला त्या जाळीपाशीच भेटली. साठीची असेल. आखूड पांढरे केस, घरातही ॲप्रन आणि बाहेरही ॲप्रन. मला बघितलं की कमरेत वाकायची. मीही वाकायची. ती हसून काहीतरी म्हणायची, मी मराठीत "हो, थंडी वाढली" म्हणायची. एकदा मी बाटलीचं प्लास्टिक सोलायला विसरले, तर तिनं हळूच बाटली उचलली, सोलली आणि परत ठेवली. चेहऱ्यावर जराही त्रास नाही. मी गोदामातल्या बायकांना फोनवर सांगितलं, "भाषा येत नाही, पण खालच्या बाईशी माझी मैत्री झाली."

घरात मी माझी कामं लावून घेतली होती. येताना सामानात लोखंडी खलबत्ता आणला होता, माझ्या आईचा. जड होता, पण बाळंतिणीला सुंठ आणि लसूण ताजा कुटूनच द्यायचा. सकाळी बाळाला तेल लावून अंघोळ आणि मग ओव्याची धुरी. निखारे तिथे कुठून आणणार? तवा तापवायचा, बाल्कनीत नेऊन त्यावर ओवा टाकायचा आणि बाळाला त्या धुरावरून फिरवायचं. आठवड्यातून एकदा सुके बोंबील भाजायचे. जावई रत्नागिरीचे. बोंबलांचा वास आला की ते लॅपटॉप मिटून स्वयंपाकघरात यायचे.

मग एकेक गोष्ट बंद होत गेली.

"आई, लसूण ठेचलेला मिळतो इथे, ट्यूबमध्ये. तू उगाच हात दुखवतेस."

"हात दुखत नाहीत माझे."

"अगं, पण कशाला? आहे तर वापर ना."

मी ट्यूब वापरली. लसणाला लसणाची चव नव्हती, पण घर तिचं होतं. मग म्हणाली, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, बाळाला धूर नको. डॉक्टरांनी सांगितलं म्हटल्यावर मी धुरी बंद केली. मग म्हणाली, "ह्यांना हल्ली बोंबील पचत नाहीत." मी बोंबलांची पिशवी बांधून ठेवली. मग माझ्यासाठी जाड, मऊ तळव्यांच्या सपाता आल्या. "लाकडी फरशी गार असते आई, पाय दुखतील." मला वाटलं, लेक काळजी घेतेय. नव्या सपाता घालून मी घरभर फिरले.

एका रविवारी ती शहरातल्या मोठ्या दुकानातून मिठाईचा बॉक्स घेऊन आली. वर सुरेख कागद. कोपरे असे दुमडलेले, की मला तो कागद उलगडून कसा दुमडलाय ते बघावंसं वाटलं. म्हणाली, "खालच्या बाईंना द्यायचाय. तू पण चल."

"पेढे म्हणायचे का? नातीचे?"

ती बाळाचा लंगोट बदलत होती. मान वर न करता म्हणाली, "हं."

मला आनंद झाला. बाळ होऊन इतके दिवस झाले तरी इमारतीत कुणाला काही गोड दिलं नव्हतं, ते मला खटकत होतं. मी नारायणपेठी साडी काढली. मुलगी म्हणाली, "आई, साधंच काहीतरी घाल ना."

"पेढे वाटायला जातोय, मयताला नाही," मी म्हटलं.

जावई हसले. मुलगी हसली नाही.

खालच्या बाईंनी दार उघडलं. मुलगी कमरेतून वाकली. पुन्हा वाकली. काहीतरी बोलत राहिली आणि तिसऱ्यांदा वाकली. मला वाटलं, ही तिथली रीत. मी बॉक्स दोन्ही हातांनी पुढे केला, दुकानातली मुलगी करायची तसा, आणि हसून म्हटलं, "नात झाली आम्हाला, नात." हातांचा झोका करून दाखवला. बाई थोड्या गोंधळल्या. मग त्याही वाकल्या, बॉक्स घेतला आणि बरंच काही बोलल्या.

"काय म्हणाल्या?" मी जिन्यात विचारलं.

"अभिनंदन म्हणाल्या," मुलगी म्हणाली.

त्यानंतर कचऱ्याच्या जाळीपाशी मी त्यांना आणखी खाली वाकून नमस्कार करू लागले.

हे फुटलं ते जावयांच्या तोंडून. माणूस साधा, पोटात काही ठेवत नाही. जेवताना मी म्हणाले, "ह्या इमारतीतली माणसं चांगली आहेत. खालची बाई तर फारच." ते भात कालवत म्हणाले, "हो ना आई. तुमच्या त्या मिठाईनं काम झालं बघा. नंतर मॅनेजमेंटचा फोन नाही आला."

"कसला फोन?"

त्यांनी मुलीकडे बघितलं. मुलगी ताटाकडे बघत होती.

"कसला फोन?" मी पुन्हा विचारलं. बाळ आत झोपलं होतं, म्हणून हळू विचारलं.

मग हळूहळू सगळं निघालं. इमारतीची देखभाल करणारी एक कंपनी आहे. खालच्या बाईंनी तिथे तक्रार केली होती. एकदा नाही, बऱ्याचदा. वर काहीतरी कुटतात, पायांचा आवाज येतो, बाल्कनीतून धूर येतो, कपड्यांना वास लागतो. तिथे शेजाऱ्याच्या दारात जाऊन कुणी भांडत नाही. कंपनीला सांगायचं, कंपनी तक्रार करणाऱ्याचं नाव न घेता फोन करते, पण वरून आवाज येतो म्हटल्यावर खालचं कोण ते कळतंच, आणि मग ज्याच्याकडून त्रास झाला त्यानं मिठाईचा बॉक्स घेऊन जायचं आणि वाकून माफी मागायची. रीत आहे ती. आपल्याकडे आनंद झाला की गोड घेऊन जातात, तिथे चूक झाली की.

म्हणजे नारायणपेठी नेसून, दोन्ही हातांनी, हसत हसत मी स्वतःबद्दलची माफी नेऊन दिली होती. वर झोका करून दाखवला होता. आणि माझी मुलगी शेजारी उभी राहून माझ्या वतीनं वाकत होती.

"डॉक्टरीण धुराबद्दल काही बोलली होती का?" मी विचारलं.

"नाही."

"तुम्हाला बोंबील पचत नाहीत?"

"पचतात हो आई," जावई म्हणाले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"सपाता?"

मुलगी म्हणाली, "तुला वाईट वाटू नये म्हणून, आई."

मी ताट उचललं, घासलं, ओटा पुसला. त्या वेळी मला त्या बाईचाच जास्त राग आला होता. इतके दिवस माझ्याकडे बघून हसत होती. माझी बाटली सोलून देत होती. घरात शिरून फोन उचलत होती आणि सकाळी पुन्हा वाकत होती. भाईंदरात खालचीनं माझ्यावर झाडू उगारलाय, पण पाठीमागे माझ्याबद्दल फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी बाळाला घेऊन दवाखान्यात गेली होती. मी खाली गेले. बॉक्स नाही, काही नाही. साधी घरातली साडी. बेल वाजवली. बाईंनी दार उघडलं आणि मला एकटीला बघून एक पाऊल मागे सरकल्या. भाषा नव्हती, म्हणून मी हातांनी सांगितलं. वर बोट दाखवलं, पाय आपटला, मुठीनं कुटल्याची खूण केली, नाक दाबून दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मी. ती मी. माझ्यामुळे तुला त्रास झाला. हात जोडले. मग तिच्याकडे बोट केलं, वरच्या जिन्याकडे केलं, दार ठोठावल्यासारखं केलं. पुढच्या वेळी मला सांग. माझ्या दारात ये आणि मला सांग.

ती हसत राहिली. दोन्ही हात तोंडासमोर हलवत राहिली, नाही नाही, तसं काही नाही. वाकली, पुन्हा वाकली. काहीच झालं नव्हतं म्हणे. मग दार इतकं हळू लागलं, की लागल्याचा आवाजही आला नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन वाजला. ती बाल्कनीत जाऊन बोलली. काचेतून मला दिसत होतं: फोन कानाला लावून ती वाकत होती. समोर कुणी नसताना. आत आली ती पांढरी पडून.

"आई, तू खाली गेली होतीस?"

"गेले होते."

"का? कशाला? त्या घाबरल्यात. तू दारात पाय आपटलेस म्हणे, नाक दाबलंस!"

"माफी मागायला गेले होते. माझी मी."

"माफी मागून झाली होती, आई! आपण बॉक्स दिला होता!"

"तू दिला होतास. मी पेढे दिले होते."

ती खुर्चीत बसली. "इथे असं करत नाहीत गं. आम्हाला इथे राहायचंय. परदेशी माणसाला घर मिळता मिळत नाही. एक तक्रार जास्त झाली की पुढच्या वर्षी करार वाढवून देत नाहीत. तुला काय, तू जाशील."

"ते मला कळतं," मी म्हटलं. "आणि ते तू मला पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर खलबत्ता मी त्याच दिवशी पिशवीत बांधला असता. मी काय हट्ट केला असता? पालकसभेत हळू बोल म्हणालीस, बोलले ना हळू?"

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं होतं?"

मी वाट बघितली. तिनं ओरडावं, दार आपटावं, 'तू नेहमी अशीच करतेस' म्हणावं. ती उठली, बाळाच्या बाटल्या उकळत ठेवल्या आणि थोड्या वेळानं नेहमीच्या आवाजात विचारलं, "आई, चहा घेणार?"

तेव्हा माझा त्या बाईवरचा राग गेला. ती तिच्या रीतीनं वागली. मी तिची कोण होते? तिनं मला कधी वचन दिलं नव्हतं. नियम होता तो आमच्या दोघींत होता, आणि तो माझ्या मुलीनं एकेक करून, चांगल्या शब्दांत मोडला होता. शेजाऱ्याशी वागायची तिथली रीत तिनं आत्मसात केली, ते बरंच झालं. तिला तिथे राहायचंय. पण ती माझ्याशीही तसंच वागली. मी तिच्या घरात वरच्या मजल्यावरचा आवाज झाले होते.

उरलेले दिवस मी सपाता घालून, टाचा न आपटता काढले. नात गोड होती. तिला मी रोज हळू आवाजात गाणी म्हटली. कचरा नेऊन टाकला, खालच्या बाईला नमस्कार केला, तिनं केला. निघायच्या आदल्या दिवशी मी खलबत्ता घासून, तेलाचा हात लावून त्यांच्या ओट्याखालच्या कपाटात मागच्या बाजूला ठेवला. मुलीला सांगितलं, "हा तुझ्याकडे असू दे. आजीचा आहे. वापरू नकोस, पण असू दे." ती म्हणाली, "हो आई."

भाईंदरला आले. बॅग उघडली. साड्यांच्या तळाशी टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी जड लागलं. खलबत्ता होता. टॉवेलचे कोपरे इतके नीट दुमडलेले, की ते काम घाईत केलेलं नव्हतं.

मी तिला त्याबद्दल विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं काहीतरी चांगलं कारण सांगितलं असतं.

खलबत्ता ओट्यावर जुन्या जागी ठेवला आणि लसूण कुटायला घेतला. खालून आवाज आला, "भाभी, आ गयी क्या? पूरा घर हिल रहा है!" मी म्हटलं, "आ गयी!" ती म्हणाली, "तीन महिना शांती था!" त्या संध्याकाळी तिच्याकडून ढोकळा आला. जपानहून काय आणलं ते बघायला ती स्वतःच घेऊन आली होती. मी तिला कागदात गुंडाळलेला मिठाईचा बॉक्स दिला. मुलीनं विमानतळावर हातात ठेवला होता. खाऊन म्हणाली, "इसमें मीठा कहाँ है?"

परवा मुलीचा व्हिडिओ कॉल आला. नात बसायला लागलीय. पाळणाघरात जागा मिळतेय, पण पहिले महिने बाळ आजारी पडतं म्हणतात, घरी कुणीतरी हवं. मुलगी हसून म्हणाली, "आई, ठरल्याप्रमाणे येशील ना? नोकरीचं बघायला लागशील का?"

मी उत्तर आधीच ठरवून ठेवलं होतं. पाठ दुखते म्हणता आलं असतं. मालक सोडत नाही म्हणता आलं असतं. तिला वाईट वाटलं नसतं.

"नाही येणार," मी म्हटलं. "नोकरी सोडणार नाही. मला तुझ्या घरात परकं वाटलं. तू माझ्याशी खोटं बोललीस, आणि अजून त्याबद्दल एक शब्द बोलली नाहीस. बाळाला इथे घेऊन या, मी हवं तेवढं सांभाळीन."

आता ती भडकणार, असं मला वाटलं. मी फोन जरा लांब धरला. माझ्याकडेही बोलायला बरंच होतं.

तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही. जागचं हललंही नाही. "हो," ती म्हणाली. "बरोबर आहे तुझं. तुला त्रास नको. आम्ही बघतो काहीतरी." मग नातीचा हात धरून हलवला. "आजीला बाय कर."

फोन ठेवताना तिनं मान थोडी खाली वाकवली. स्वतःच्या आईला. ते तिच्या लक्षातही आलं नसावं.